तिचं मत विचार, काम विचारू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. चौदावा आठवडा, बाहेर जर्मनीतल्या डिसेंबरचा अंधार, तिच्या आईचं म्हणणं पहिलं बाळंतपण माहेरीच, तुझ्या आईचं म्हणणं मीच तिकडे येते, आणि शेवटी तुझं वाक्य, "काका, यात मी नक्की काय करू?" हेच तू तिलाही रोज विचारतोस, ते दिसतंय. ते आधी बंद कर. जिला फोडणीच्या वासानं स्वयंपाकघरात पाऊल टाकवत नाही, तिनं तुझ्यासाठी कामांची यादी करायची, आणि त्यातलं एखादं उरकलंस की तू मदत केलीस म्हणायचं? तिचं मत विचार, काम विचारू नकोस. काम काय आहे ते तुला ठाऊक पाहिजे. धीराचं बोलायला तुला बाकीचे आहेत, मी कामाचं लिहितो.

पहिलं माहेरचं. हा निर्णय तिचा. दोन्ही आयांचा नाही, तुझाही नाही. तू फक्त खरी माहिती तिच्यापुढे ठेवायची. कोल्हापूरला यायचं तर २८व्या आठवड्याच्या आत विमान, म्हणजे मार्चमध्ये. त्यानंतर बहुतेक कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ नंतर घेतच नाहीत. जूनमध्ये बाळ, मग त्याचा पासपोर्ट, मग त्याचा व्हिसा. तिचा मुक्काम जर्मनीबाहेर सहा महिन्यांवर गेला तर राहण्याचं साधं परमिट रद्द होतं. ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदाराचं परमिट, असलेल्याला आणि त्याच्या कुटुंबाला बारा महिन्यांची सवलत आहे. तुमच्या कार्डांवर काय छापलंय ते आत्ता उठून बघ. तिकडचा सरकारी आरोग्यविमा इथलं दवाखान्याचं बिल भरत नाही. हे सगळं एका कागदावर लिहून तिच्या हातात दे आणि गप्प बस. ती माहेरी म्हणाली तर माहेरी. तुझ्या आईला काय वाटेल, हा प्रश्न तिच्यापर्यंत पोचताच कामा नये.

ती तिथेच राहते असं धरून पुढचं लिहितो.

डॉक्टरीणबाईंनी दिलेली निळी पुस्तिका, मुटरपास, तिच्या पर्समध्ये कायम असली पाहिजे. दूध आणायला गेली तरी. दर तपासणीनंतर तिच्या सगळ्या पानांचे फोटो तुझ्या फोनमध्ये. आणि तपासणीला तू आत बसायचंस, बाहेर गाडीत नव्हे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की लोहाची गोळी. ती चहाबरोबर घेतली तर वाया जाते, चहा आणि गोळीत निदान एक तास ठेव. लिंबू पिळलेलं पाणी चालतं. एक गोष्ट तिथल्या डॉक्टरांना सुचेलच असं नाही, ती तू विचार: तांबड्या पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, कमी आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, मात्र ठीक, असा रिपोर्ट आला तर थॅलेसेमिया मायनर या रक्ताच्या आनुवंशिक दोषाची तपासणी करायची. आपल्याकडे हा दोष अनेकांत असतो आणि माहीत नसतो. तिच्यात निघाला तर तुझंही रक्त लगेच तपासायचं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ ते ३० आठवड्यांत अँटी-डीचं इंजेक्शन. तारीख तू लक्षात ठेवायची, तिनं नाही.

२४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी. आधी ५० ग्रॅमचं ग्लुकोज पाणी, त्यात आकडा वाढला तर ७५ ग्रॅमचं, उपाशीपोटी. दुसऱ्या तपासणीत उपाशी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३. यातला एक जरी आकडा गाठला किंवा ओलांडला तरी गरोदरपणातला मधुमेह धरतात. रिपोर्टवर ५.१, १०.०, ८.५ असं दिसलं तर घाबरू नकोस, माप वेगळं आहे, १८ ने गुण. आपल्या लोकांत हा मधुमेह जास्त आढळतो, त्यामुळे घरून पार्सल आलेले डिंकाचे लाडू या तपासणीच्या निकालाआधी फोडू नका. साखर वाढलीच तर भात आणि साबुदाणा कमी, उसळ-अंडी जास्त, आणि प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. थंडी असली तरी. तूही सोबत.

खाण्यातलं आणखी एक. आपण गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध ताकदीचं म्हणून पितो. गरोदर बाईला ते इथेही नको आणि तिथेही नको. तिकडे कच्च्या दुधाचं चीज मिळतं, वेष्टणावर 'रोमिल्श' लिहिलेलं असतं, ते नको. कच्चं मांस, सलामी नको. तुझ्या हातचा तांबडा रस्सा चालेल, मटण आतपर्यंत शिजलेलं असलं की झालं.

बारीकसारीक म्हणून सोडू नकोस असं एक: तिकडे चौदा आठवड्यांनंतर डॉक्टर मुलगा की मुलगी ते सांगू शकतात. इकडे १९९४ च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे, आणि याच कोल्हापुरात सोनोग्राफी मशिनांना सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र, बसवायची वेळ आली होती. तुम्हाला कळलं तरी दोघांत ठेवा. फोनवर कुणी खोदून विचारलं तर उत्तर तू द्यायचं.

आता हे पाठ कर. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखतंय, चेहरा-हात एकदम सुजले: बीपी. घरात दंडाचं मशीन घेऊन ठेव. १४०/९० दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० दिसलं की ११२ ला फोन. तळहात-तळपाय रात्री विलक्षण खाजतात, अंगावर पुरळ मात्र नाही: रक्तातल्या पित्ताम्लांची तपासणी लगेच. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी: सकाळची वाट बघायची नाही, गोड खाऊन बघू नाही, त्याच तासाला हॉस्पिटल. रक्त किंवा पाणी गेलं तरी तेच. या प्रत्येक वेळी ती म्हणेल, "थांब रे, बघू जरा." इथे मात्र तिचं ऐकायचं नाही. मत विचारायचं म्हणतो मी सारखं, पण याला मत नसतं.

हेबामे शोधलीस का? नसेल तर उशीर झालाय, आजपासून रोज दहा जणींना लिही. ही तिकडची शिकलेली, परवान्याची सुईण. बाळंतपणानंतर पहिले दहा दिवस ती रोज घरी येऊ शकते आणि बारा आठवड्यांपर्यंत भेटी विम्यातून होतात. टाके, दूध, बाळाचं वजन, नाळ, सगळं बघते. कोल्हापूरहून व्हिडिओ कॉलवर तीन बायका मिळून जे सांगतील त्यापेक्षा तिची वीस मिनिटं कामाची.

कागदांचं लिहितो, कारण यात पोरं हमखास अडकतात. जन्माची नोंद आठवड्याच्या आत करावी लागते. कागद हॉस्पिटल पुढे पाठवतं, पण तुमचे दोघांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला आणि त्यांची शपथबद्ध अनुवादकाकडून केलेली भाषांतरं तुझ्याकडे तयार हवीत. तुमच्या वयाच्या पुष्कळांच्या महानगरपालिकेच्या दाखल्यावर मुलाचं नावच नसतं, नुसतं आईबापाचं. तुझा काढून बघ. नाव नसेल तर ते चढवून घ्यायला घरच्यांना आत्ताच पाठव. लग्नाची नोंदणी केली नसेल, नुसते अल्बम असतील, तर ते आधी. दाखल्यावर, पासपोर्टवर आणि परमिटवर तिच्या नावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं निघतं. ते आता जुळव, नाहीतर बाळाच्या दाखल्यावर 'ओळख सिद्ध नाही' असा शेरा पडतो आणि पुढचा प्रत्येक अर्ज लटकतो. बारशाआधी नाव ठरत नाही असं तुझी आई म्हणेल. म्हणू दे. नाव महिन्याभरात कळवलं तरी तिकडच्या कायद्यात चालतं, म्हणजे बाराव्या दिवसाचं बारसं आरामात बसतं. फक्त दाखला तोवर थांबतो. दाखला आला की भारतीय वकिलातीत नोंद आणि पासपोर्ट. नोंदीला एक वर्षाची मुदत आहे. पण बाळाच्या परमिटचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांत द्यायचा असतो, म्हणून खरी घाई तिथे. तुमच्यापैकी एकाची पाच वर्षं कायदेशीर राहून झाली असतील आणि कायमचं परमिट असेल तर बाळ जन्मतःच जर्मन, मग हा रस्ताच वेगळा.

तुझी रजा. मालकाला सात आठवडे आधी लेखी कळवायचं. एल्टर्नगेल्डचा, म्हणजे आईबापांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा, अर्ज तीन महिन्यांनंतर केलास तर मागचे पैसे बुडतात, आणि आईबाप दोघांना ते एकाच वेळी साधारणपणे एकच महिना मिळतं, तोही पहिल्या वर्षात. तो महिना जन्मापासूनचाच घे. प्रमोशनचं कारण मला सांगू नकोस.

हॉस्पिटलची नोंदणी ३४व्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे मेच्या सुरुवातीला. त्याच भेटीत पाठीतल्या इंजेक्शनची, त्यांच्या भाषेत पीडीए, माहिती आणि सही उरकून ठेव. कळा चालू असताना चार पानं कुणी वाचत नाही. घ्यायचं की नाही ते तिचं मत. "आमच्या आयांनी कुठं घेतलं होतं?" हे वाक्य तुझ्या तोंडून निघालं तर माझ्याशी बोलू नकोस. पहिलटकरणीला कळा पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येक मिनिटभराची, आणि असं तासभर चाललं की निघायचं. पाणी हिरवट गेलं तर कळांची वाट नाही. बाळाचं डोकं अजून खाली बसलेलं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं असेल तर पाणी जाताच तिला आडवं कर आणि रुग्णवाहिका बोलव. बाळाची कार सीट गाडीत आधी बसवून बघ, पट्टा कसा लागतो ते हॉस्पिटलच्या दारात शिकायचं नसतं.

बाळंतपणाच्या खोलीत तू असणार. मर्दा, ही संधी आम्ही इथल्या बापांना दिली नाही. एका खोलीत तीन-चार बायका, मध्ये धड पडदाही नाही, परक्या पुरुषाला आत कसं घेणार? कारण खरं होतं, आजही मी तेच सांगेन. पण व्हरांड्यात चहा पीत बसलेला बाप पुढे वर्षानुवर्षं पाहुण्यासारखा वागतो, हेही मी इतक्या जणांत पाहिलंय की या एका मुद्द्यावर लोक मला हट्टी म्हणतात ते मला मान्य आहे. तिथे तू पाणी दे, कंबर दाब, ती काय म्हणते ते नर्सला सांग. फोन बंद. जूनमध्ये आपण साडेतीन तास पुढे असतो, इकडे पहाट असेल आणि दोन्ही घरं जागी असतील. ती बसू देत. एकाच माणसाला एक मेसेज टाकायचा, तो बाकीच्यांना सांगेल.

घरी आल्यावर. शेगडी, धुरी काही नाही; धुराचा अलार्म वाजेल हे सोड, बंद खोलीतला कोळसा जीव घेतो. बाळाला मध नाही, गुटी नाही, वरचं पाणी नाही, काजळ नाही, कानात-नाकात तेल नाही. घरात टोपडं-कुंची नाही. पाठीवर झोपवायचं, उशी-दुपट्याशिवाय, झोपायच्या पिशवीत. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा ओले डायपर. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नका; दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यावं. आपल्या रंगाच्या बाळात कावीळ कातडीवर लवकर दिसत नाही, हिरड्या आणि डोळ्यांतला पांढरा भाग उजेडात बघ. तिचं बघ: तासाला एक पॅड भिजतंय, ताप ३८ सेल्सिअस, एकाच पोटरीत दुखतंय, तर लगेच डॉक्टर. रडू येणं पहिले काही दिवस असतंच. दोन आठवड्यांनंतरही ती तशीच असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, तर हेबामेला तू सांगायचं, तिच्यासमोर, तिच्या परवानगीने.

जेवणाचंही तिला विचारू नकोस. मेमध्ये चौदा दिवसांची आमटी-उसळ डबे भरून फ्रीझरमध्ये टाक. बटाटा घालू नकोस, गोठल्यावर पिठूळ होतो.

आयांचा व्हिसा नव्वद दिवसांचा, म्हणून दोघी एकदम नको, एकीमागे एक. पहिली १ जूनच्या सुमारास पोचली तर ऑगस्टअखेरपर्यंत पुरते. विमा ३०,००० युरोचा लागतो, आणि खर्चाची हमी तू घेणार असशील तर तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयाची तारीख आत्ताच घे, ती लवकर मिळत नाही. आधी कोण येणार, ते तिला विचार. आणि तुझ्या आईचा पासपोर्ट कधीपर्यंत चालू आहे ते तू आज रात्रीच फोन करून बघ, संपत आला असेल तर इथे कोल्हापुरातच नवा करता येतो, मी घेऊन जाईन त्यांना.

तुझा,
डॉक्टरकाका