स्पेक्ट्रल टायगरचं कार्ड ४० हजारांत? थांब जरा

मुलुंडच्या मित्रा, तुझा प्रश्न मला समजला तो असा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात स्वारीसाठी स्पेक्ट्रल टायगर नावाचा भुताळी वाघ मिळतो, त्याचं न खरवडलेलं कार्ड एकजण तुला ४० हजारांत देतोय. २ हजार 'बुकिंग'चे म्हणून तू यूपीआयने पाठवून मोकळा झालास, आणि आता उरलेले पाठवू का, असं विचारतोयस.

नको पाठवू. ते २ हजार परत मागितल्यावर तो टोलवाटोलवी करत असेल, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव. यूटीआर नंबर (यूपीआय व्यवहाराचा क्रमांक) आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेव. बाकीचं नंतर वाच.

आता कारण. हा वाघ खेळातल्या कुठल्याही बॉसला, म्हणजे बड्या शत्रूला, मारून मिळत नाही. २००७ मध्ये अपर डेक या कंपनीने वॉरक्राफ्टच्या पत्त्यांच्या खेळाचा 'फायर्स ऑफ आउटलँड' हा संच काढला. त्यातल्या मोजक्या पाकिटांत लूट कार्ड, म्हणजे खेळातली वस्तू देणारं कार्ड, निघायचं, आणि त्यावर आपल्या जुन्या मोबाइल रिचार्जच्या कूपनवर असायची तशी चंदेरी पट्टी. पट्टी खरवडायची, कोड वेबसाइटवर टाकायचा आणि खेळात बूटी बे या बंदरात जाऊन लँड्रो लाँगशॉट नावाच्या गॉब्लिनकडून माल घ्यायचा. एका कोडवर दोन वाघ, एक संथ, एक वेगवान. कोड एकदाच चालतो. वापरला की हातात उरतो तो फक्त चित्राचा पुठ्ठा. पुढे २०१३ मध्ये तो पत्त्यांचा खेळच बंद झाला, म्हणजे नवी कार्डं छापली जाण्याचा प्रश्नच मिटला. भाव चढला तो इथून.

त्या काळात दादरला आमचा पाच-सहा जणांचा कंपू होता. लॅमिंग्टन रोडवरून एकेक सुटा भाग आणून जोडलेले पीसी आणि युरोपच्या सर्व्हरवर खेळताना बसणारे झटके सोसत आम्ही रात्र रात्र जागायचो. एकाच्या आतेभावाने सिंगापूरहून याच संचाची पाकिटं आणली. मला लूट कार्ड लागलं! पण वाघाचं नाही, मासेमारीच्या खुर्चीचं. उत्साहाच्या भरात मी गोदरेजच्या कपाटाच्या किल्लीने पट्टी खरवडली आणि तिच्याबरोबर एक अक्षरही अर्धं उडवलं. 'बी' की 'आठ' यावर अर्धा तास वाद. 'बी' नव्हता. ती खुर्ची खेळात अजून माझ्याकडे आहे, तिथल्या तळ्याकाठी मांडून बसतो कधीमधी.

हे सांगायचं कारण, त्या पट्टीखाली काय आहे हे खरवडल्याशिवाय कुणालाच कळत नाही. तुझा विक्रेता व्हिडिओ कॉलवर कार्ड दाखवायला तयार आहे म्हणून तू निर्धास्त झालास ना? खरं कार्ड दिसेलही. पण वापरलेल्या कार्डावर नवी चंदेरी पट्टी चिकटवता येते, तसले स्टिकर सर्रास मिळतात. परदेशी लिलावांत न खरवडलेलं कार्ड ४० हजारांच्या कितीतरी वर जातं. तिथे विकायचं सोडून हा मनुष्य मुलुंडच्या कॉलेजकुमारावर एवढा मेहरबान का, हे त्यालाच विचार. खरा व्यवहार एकाच पद्धतीने होतो. समोरासमोर बसायचं, त्याने खरवडायचं, तू आपल्या खात्यात कोड टाकायचा, आणि तो चालला तरच पैसे. याला तो तयार नसेल तर विषय संपला.

'कार्ड नको तर वाघवालं अख्खं अकाउंट घे' असंही तो म्हणेल. मी त्यात पोळलोय. ओळखीतून एक अकाउंट घेतलं, तीन आठवडे मिरवलो, मग मूळ मालकाने आपली कागदपत्रं दाखवून ते परत मिळवलं. तक्रार कुठे करणार? अकाउंट विकणं आणि विकत घेणं दोन्ही नियमाबाहेर, त्यामुळे चूक माझीही होतीच.

तरीही वाघच हवा असेल तर एक सरळ रस्ता आहे. कोडवर मिळालेला लगाम, म्हणजे वाघ देणारी खेळातली वस्तू, वापरला जाईपर्यंत खेळात विकता येतो, म्हणून तो लिलावघरात सोन्याच्या, म्हणजे खेळातल्या चलनाच्या, बदल्यात अधूनमधून दिसतो. २०१५ पासून खेळ चालवणाऱ्या कंपनीचंच टोकन आहे. ते रोख पैशांनी घेऊन खेळात विकलं की सोनं मिळतं. खर्च डोळे पांढरे करणारा आहे, पण निदान फसवणूक नाही. मादाम गोया या खेळातल्या पात्राच्या काळ्या बाजारातही अशी माउंट, म्हणजे स्वारीची जनावरं, कधीकधी येतात. तिथे बोली लावणारे लोक मात्र आपल्या पट्टीतले नव्हेत.

आणि पैसे मोजण्याआधी फेलड्रेक या दुसऱ्या माउंटचं काय झालं ते ऐक. तोही असाच कार्डावरचा, लोकांनी भरपूर पैसे ओतून घेतलेला. २०२२ च्या शेवटी ड्रॅगनफ्लाइट हा खेळाचा नवा भाग आला तेव्हा ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवर चार तास स्ट्रीम चालू ठेवणाऱ्या प्रत्येकाला कंपनीने तो फुकट वाटला. मी वरणभाताचा कुकर लावून मोबाइल ओट्यावर ठेवला आणि मिळवला. ज्यांनी आधी पैसे मोजले होते त्यांचा थयथयाट मी आनंदाने वाचला, खोटं कशाला बोलू. वाघाचं तसं होईल असं मी म्हणत नाही. पण तो दुर्मिळ ठेवायचा की वाटून टाकायचा, हे ठरवणं तुझ्या हातात नाही आणि विक्रेत्याच्याही नाही.

शेवटी तू विचारलंयस, मिरवण्याजोगं दुसरं काय? खेळातल्या स्ट्रॅथहोम शहरात बॅरन रिव्हेंडेअर या बॉसचा घोडा आहे. बॅरनला मारल्यावर शेकड्यात एखाद्या वेळी पडतो, पैसा लागत नाही, नुसती चिकाटी. मी कितव्या खेपेला आहे ते मोजणं सोडलंय. घोडा अजून पडलेला नाही.