जुन्या निर्णयांचा पस्तावा जात नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातली नोकरी सोडून गावी शेतीला आलात, सोबतच्यांनी तिकडे घरं घेतली, आणि 'तेव्हा सोडली नसती तर' हे रात्री डोक्यातून जात नाही. मी समुपदेशक वगैरे नाही, वरूड तालुक्यातला शेतकरी आहे. माझं काय झालं ते सांगतो.

बाबांनी 1998 मध्ये अडीच एकरात अठरा बाय अठरा फुटांवर संत्रा लावला होता. 330 झाडं. 2018 च्या पावसानं दगा दिला आणि पुढच्या एप्रिलात आमचा बोअर नुसती हवा फेकू लागला. आमचा भाग ड्राय झोन, नवीन बोअर मारता येत नाही (मारणारे मारतात, ते सोडा). मे महिन्यात बाबा बहिणीकडे परतवाड्याला गेले होते, तेव्हा मी मशीनवाला बोलावला. तीन दिवसांत बगीचा कापून झाला, लाकूड जळतणाच्या भावात गेलं.

शेजाऱ्यानं टँकर लावून झाडं जगवली. फेब्रुवारीत त्याचा आंबिया बहार फुलला की वास काही धुऱ्यापाशी थांबत नाही. पाच वर्षं मी त्या दिवसांत नाल्याकडून फेरा घालून वावरात जायचो.

मागच्या वर्षी पोरीचा कुठलासा दाखला शोधताना 2019 ची हिशेबाची वही सापडली. माझ्याच अक्षरात होतं: झाडागणिक शंभर लिटर, आठवड्यातून दोनदा, म्हणजे 14 टँकर. 1,200 प्रमाणे आठवड्याचे 16,800. पाऊस येईस्तोवर आठ आठवडे. खाली पासबुकातली शिल्लक 61,000 आणि तिच्यापुढे पोरीची फी. मोठ्या झाडाला मे महिन्यात रोजचं दीडशे-दोनशे लिटर लागतं, म्हणजे मी मांडलेलं पाणीही जेमतेम जीव धरण्यापुरतंच. इतकी वर्षं मला वाटायचं मी घाबरलो, घाई केली. वहीत तसं काही दिसेना. तीन पानं खाडाखोड करून माणूस हिशेब जुळवत बसला होता आणि तो जुळत नव्हता.

तुम्हीही त्या वर्षीचे कागद काढा. पगाराची स्लिप, घरच्यांच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या, मित्राला केलेले मेसेज. आठवणीवर जाऊ नका, ती पुढचं सगळं माहीत असल्यासारखी बोलते.

पण वहीनं अर्धंच सुटलं. झाडं तोडल्याचं ओझं उतरलं, आणि त्याच्याखाली दुसरंच निघालं. बाबांना विचारलं नव्हतं. त्याला कुठला हिशेब देणार? एका संध्याकाळी ओसरीवर त्यांना सांगून टाकलं. ते सुपारी कातरत होते, हात थांबला नाही.

"तोडले त तोडले. पाणीच नोयतं, मी बी तोडले असते. फक्त एक फोन करा लागत होता बापा."

एवढंच. तुमच्या पस्ताव्यातही असा कोणी माणूस आहे का, ते पाहा. असेल तर इथे उत्तरं वाचत बसू नका, त्याच्याकडे जा.

या जुलैत शेंदुरजनाघाटहून साठ कलमं आणली, बाबांना सोबत नेऊन. फळ यायला पाच-सहा वर्षं, बाबा 78 चे. खड्ड्याच्या काठावर उभे राहून ते काठीनं दाखवत होते, "जोड वर ठेव, मातीत गेला त डिंक्या रोग लागते."