टिनच्या फिल्मची लाइफटाइम कमी आली की लगेच 'ट्रॅप्स' म्हणू नका

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. फॉर्मॅमिडिनियम टिन आयोडाइडची (लेडऐवजी टिन असलेलं सोलर सेलचं पेरोव्हस्काइट) फिल्म, टीआरपीएलमध्ये (लेसर पल्सनंतर फिल्मचा प्रकाश किती वेगाने विझतो ते मोजणं) लाइफटाइम, म्हणजे प्रकाशाने सुटलेल्या वाहकांचं आयुष्य, जेमतेम ४-५ नॅनोसेकंद, गाइडचं म्हणणं 'ट्रॅप्स (वाहक अडकवणारे दोष) आहेत, पॅसिव्हेट करा (रसायन लावून ते दोष झाका)', पॅसिव्हेट करून ढिम्म फरक नाही, आणि आता तुम्ही टिन सोडून सिल्व्हर-बिस्मथच्या डबल पेरोव्हस्काइटकडे (लेडच्या जागी दोन धातू जोडीने) निघालात. जरा थांबा.

टिन +२ चं +४ होतं, टिनच्या जागा रिकाम्या राहतात, फिल्म आपोआप पी-टाइप होते (होल, म्हणजे धन वाहक, आधीपासूनच भरपूर), हे तुम्हाला पाठ असणार. पण लेडवरून टिनकडे आलेली मंडळी पुढचा हिशेब करत नाहीत. घन सेंटीमीटरला १० चा १८ वा घात इतके होल अंधारातच हजर धरा, बायमोलेक्युलर स्थिरांक (इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना भेटून विझण्याचा दर) १० चा उणे १० वा घात (घन सेंटीमीटर प्रति सेकंद) धरा. लाइफटाइम आली १० नॅनोसेकंद, तीही एकसुद्धा ट्रॅप नसताना! होल दुप्पट केले की ५. म्हणजे तुमचा आकडा निव्वळ डोपिंगमधूनही, म्हणजे या आधीच्या होलमधूनही, येऊ शकतो. तसं असेल तर पृष्ठभागावर काय वाट्टेल ते लावा, काडीचा फरक पडणार नाही.

शहानिशा करायची तर लेसरची फ्लुएन्स (दर पल्सला एकक क्षेत्रफळावर पडणारी ऊर्जा) बदलत मोजा आणि पल्सनंतरची अगदी सुरुवातीची पीएल (फिल्म परत सोडते तो प्रकाश) तीव्रता बघा. फ्लुएन्सच्या सरळ प्रमाणात वाढली तर होल आधीचे आहेत. वर्गाच्या प्रमाणात वाढली तर डोपिंग किरकोळ आहे, मग गाइडचं ट्रॅप्सचं म्हणणं विचारात घ्या. नुसत्या डीकेच्या (प्रकाश विझण्याच्या) उतारावरून हे दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. शिवाय ग्लोव्हबॉक्समध्येच (निष्क्रिय वायूची बंद पेटी) फोर-प्रोब (चार टोकांनी रोध मोजायचं साधन) लावा. वरच्या डोपिंगला, २०० नॅनोमीटर जाडी आणि मोबिलिटी (वाहकांची धाव) २० चौरस सेंटीमीटर प्रति व्होल्ट-सेकंद धरून, शीट रेझिस्टन्स साधारण १५ किलोओहम प्रति चौरस येतो. कणसीमांमुळे प्रत्यक्षात जास्त दिसेल, पण लेडच्या फिल्मइतका प्रचंड नक्कीच नाही.

आता मोजमाप कुठे करताय ते सांगा, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालं. एक मध्यवर्ती उपकरण केंद्र होतं, नाव नको. नमुने आर्गॉनमध्ये सीलबंद करून द्यायचो, फॉर्मवर लाल शाईने 'हवेत उघडू नये'. ते आवक-खिडकीवरच उघडले जायचे, कारण रजिस्टरात 'नमुन्याचे वर्णन' भरायचं असतं म्हणे! मग ऑपरेटरचा स्लॉट येईपर्यंत डबी टेबलावर, पावसाळ्यातल्या हवेत. फिल्म परत यायची ती कडा फिकट पडून. रिपोर्टात टाऊ-१, टाऊ-२ (डीकेमधून काढलेल्या लाइफटाइम) तीन दशांशांपर्यंत, आणि फ्लुएन्सचा पत्ता नाही, रिपिटिशन रेट (लेसरच्या सेकंदाला किती पल्स) नाही. रॉ डेटा मागितला तर 'द्यायची पद्धत नाही'. त्या आकड्यांच्या जोरावर आमच्या ग्रुपने एकामागून एक अ‍ॅडिटिव्ह बाद केले. त्यातले काही चांगले असतील, देव जाणे. पैसे मात्र दर नमुन्यामागे चोख घेतले.

म्हणून फिल्म ग्लोव्हबॉक्समध्येच कव्हरस्लिप आणि यूव्ही इपॉक्सीने बंद करूनच बाहेर काढा. आतल्या हवेवर विश्वास असेल तरच, अर्थात.

डबल पेरोव्हस्काइटबद्दल माझं मत कडवट आहे. २०१६ मध्ये सीझियम-सिल्व्हर-बिस्मथ ब्रोमाइडची शेकडो नॅनोसेकंदांची लाइफटाइम छापून आली आणि सगळे तिकडे धावले. पण बँडगॅप अप्रत्यक्ष (म्हणजे प्रकाश शोषणं कमजोर) आणि २ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, सोलर सेलसाठी जास्तच. वर ऑक्सफर्डच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की त्यात वाहक पिकोसेकंदाच्या पट्टीवरच लॅटिसमध्ये (स्फटिकाच्या जाळीत) स्थानबद्ध होतात. जिवंत राहतात, पण लंगडत. तुमच्या टिनमध्ये नेमकं उलटं आहे: आयुष्य कमी, पण धाव चांगली. सोलर सेल करायचा तर मी टिनच निवडेन. फोटोडिटेक्टर वगैरे असेल तर गोष्ट वेगळी, त्यातलं मला कळत नाही.

टिन +४ रोखायला टिन फ्लोराइड घालताच असाल. डीएमएसओ या विद्रावकाकडेही बघा. आम्लयुक्त द्रावणात तापवलं की तेच टिन +२ ला ऑक्सिडाइझ करतं, म्हणजे ग्लोव्हबॉक्स कितीही कोरडा ठेवा, चोर घरातच. ते काढलं की टिन फार झपाट्याने क्रिस्टलाइझ होतं आणि फिल्मला भोकं पडतात, त्यामुळे एकदम काढू नका. आधी द्रावण ताजं वापरून, गरम न करता बघा. टिन आयोडाइडची बाटली उघडल्याची तारीखही लेबलवर लिहीत जा. आमच्याकडे कोणी लिहायचं नाही.

गाइडशी वाद घालण्याआधी फ्लुएन्सचा आलेख हातात असू द्या. आणि केंद्राचा फॉर्म भरताना रिपिटिशन रेट व स्पॉटचा आकार रिपोर्टात हवाच असं लेखी मागा, पैसे भरायच्या आधी.