गादीवर शू करणारी भाटी आणि इतर तक्रारी

प्रश्न : आमचा बोका तीन वर्षांचा. ट्रे सोडून कधी कुठं गेला नाही. कालपासून कोपऱ्याकोपऱ्यात बसून जोर करतो, दोन थेंब येतात, मध्येच ओरडतो. बद्धकोष्ठ असेल का? एरंडेल द्यावं का? (शिवाजी पेठ)

उत्तर : तुम्हाला त्याच दिवशी फोनवर सांगितलं, बाकीच्यांसाठी इथं लिहितो. एरंडेल बाजूला ठेवा, बोका पिशवीत घाला आणि दवाखाना गाठा. हे पोट नव्हे, लघवी अडकलीय. बोक्याची मूत्रनळी भाटीपेक्षा लांब आणि बारीक असते. त्यात खडे किंवा चिकट स्राव जाऊन बसला की मूत्राशय लिंबासारखं टणक फुगतं. (दाबून बघू नका, फुटू शकतं.) लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पूर्ण अडकलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो, म्हणून 'सकाळपर्यंत बघू' असं म्हणायचं नाही. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका. मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरते.

तुमच्या बोक्याला भूल देऊन नळी घालावी लागली. आता त्याचं कोरडं खाणं कमी करा, पातळ खाणं वाढवा. पाण्याच्या दोन-तीन वाट्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, पण ट्रेजवळ एकही नको. हा त्रास उलटतो, तेव्हा रोज ट्रेमध्ये लघवीचे किती गोळे झाले ते मोजत जा.

प्रश्न : पुराचं पाणी गल्लीत आलं म्हणून आम्ही शुक्रवार पेठेतून राजारामपुरीत बहिणीकडं आलो. भाटी आता रोज माझ्याच गादीवर शू करते. ट्रे वॉशिंग मशीनशेजारी ठेवलाय, तिकडं फिरकत नाही. घर सोडलं म्हणून राग धरलाय का तिनं?

उत्तर : राग धरायला ती तुमची जाऊबाई नाही. परक्या घरात तिच्या ओळखीचा वास एकाच जागी आहे, तो तुमच्या गादीला. घाबरलेलं मांजर आपला वास त्यात मिसळतं आणि त्याला जरा निर्धास्त वाटतं. शिवाय ती ट्रेमध्ये बसलेली असताना एकदा जरी मशीन पिळायला घरघरलं असेल, तर ती पुन्हा तिकडं कशाला जाईल?

पंधरा दिवस तिला एकच खोली द्या. ट्रे शांत कोपऱ्यात ठेवा, जिथून दार दिसेल आणि पळायला वाट राहील. झाकणाचा असेल तर झाकण काढा. नवं लिटर (ट्रेमध्ये घालायची माती) भरताना जुनं मूठभर त्यात मिसळा. दिवसा गादी गुंडाळून ठेवा. तिला मारू नका, नाक तर अजिबात घासू नका, त्यानं ती लपून शू करायला शिकते. एकदा लघवी तपासून घ्या. नुसत्या ताणानंही मूत्राशयाला सूज येते आणि मग आग होते ती ट्रेमुळेच, असं मांजर धरून बसतं.

प्रश्न : मिस्टर शिरोलीत फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) आहेत. तिथली वापरलेली वाळू फुकट मिळते. ट्रेमध्ये चालेल का?

उत्तर : कोल्हापुरातच येणारा प्रश्न! गंमत म्हणजे साच्याच्या वाळूत जी बेंटोनाइट माती मिसळतात, तीच दुकानातल्या गोळे होणाऱ्या लिटरमध्ये असते. पण वापरलेल्या वाळूत कोळशाची पूड असते, कधी रेझिनही असतं, आणि धूळ बारीक असते. मांजर पंजे चाटतं, म्हणजे ते सगळं पोटात जाणार. नको. धुऊन वाळवलेली नदीची बारीक वाळू चालेल. ती लघवी शोषत नाही, म्हणून वरचेवर सगळी बदलावी लागेल. थर दोन-तीन इंचांचा ठेवा आणि मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त ठेवा.

प्रश्न : फरशी फिनाइलनं तीनदा पुसली. उन्हाळ्यात वास गेला होता, पाऊस लागला आणि पुन्हा सुरू.

उत्तर : लघवीतले युरिक आम्लाचे कण पाण्यानं सहज विरघळत नाहीत. फटीत बसतात आणि हवा दमट झाली की पुन्हा वास सोडतात. आपल्याला जरासा येतो, मांजराला तो तिथंच बसायचं आमंत्रण वाटतो. एन्झाइमवालं क्लीनर आणा, जागा चांगली भिजवा, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ राहू द्या, मग टिपा. काळं फिनाइल घरातून काढाच. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला निर्विष करता येत नाहीत.

प्रश्न : आठ महिन्यांचा बोका उभ्यानंच दारावर, पडद्यावर फवारे मारतो.

उत्तर : शेपटी थरथरवत मारतो ना? मग ती शू नाही, हद्दीची पाटी आहे. नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. बहुतेक बोक्यांचं हे थांबतं, पण संप्रेरकं उतरायला काही आठवडे जातात. तोवर पडदे वर बांधून ठेवा.