गांधीलमाशीचं पोळं काढताना

आधी पोळं कोणाचं आहे ते ओळखा. उघडी, कागदासारखी राखाडी घरं आणि बारीक देठ असेल तर गांधीलमाशी. मेणाचा मोठा पडदा लोंबत असेल तर आग्यामोहोळ. त्याला हात लावू नका, जाणकार मधपाळच बोलवा.

गांधीलमाशीचं पोळं मुठीएवढं असेपर्यंतच स्वतः काढायचं, तेही जमिनीवर उभं राहून हात पोचत असेल तरच. शिडीवर असताना माशी अंगावर आली की माणूस पडतो, डंखापेक्षा ते महागात पडतं. अंधार पडल्यावर तासाभराने सगळ्या माशा पोळ्यावर बसलेल्या असतात. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावा, लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे भांड्यांचं लिक्विड घालून पिचकारीने पोळं भिजवा. साबणामुळे पाणी त्यांच्या श्वासाच्या छिद्रांत शिरतं. रॉकेल-पलिता नको, घरातले पडदे पेटतात.

सकाळी देठ मुळापासून खरवडा, नाहीतर उरलेल्या माशा तिथेच परत बांधतात.

डंखानंतर ओठ सुजले, धाप लागली तर थेट १०८.