गणितात सिद्धता मिळाली म्हणजे स्पष्टीकरणही मिळालं, असं म्हणता येईल का? आणि विज्ञानात?

गणितात तरी नाही. सिद्धता ‘हे खरं आहे’ एवढं सांगते, ‘असंच का’ हे सांगेलच असं नाही.

१+३+५+७ = १६, म्हणजे ४ चा वर्ग. पहिल्या कितीही विषम संख्या घ्या, बेरीज वर्गच येते. विगमनाने (पहिल्या संख्येसाठी खरं, आणि एकीसाठी खरं तर पुढचीसाठीही खरं, असं दाखवून) हे चार ओळींत सिद्ध होतं, पण वाचून हाती फारसं काही लागत नाही. आता एक ठिपका काढा. त्याच्या उजवीकडे, खाली आणि कोपऱ्यात मिळून ३ ठिपके लावा: २×२ चा चौरस झाला. त्याला तसाच ५ ठिपक्यांचा काटकोनी पट्टा जोडा: ३×३. चौरसाच्या दोन्ही बाजू एकेकाने वाढतात, म्हणून प्रत्येक पट्ट्याला आधीच्यापेक्षा दोनच ठिपके जास्त लागतात. विषम संख्या कुठून आल्या ते दिसलं! याच्या उलट, चार रंगांचं प्रमेय (कोणताही नकाशा, शेजारच्या प्रदेशांना वेगळे रंग देत, चार रंगांत रंगवता येतो) १९७६ मध्ये संगणकाने हजाराहून जास्त शक्यता तपासून सिद्ध झालं. खरं ठरलं, पण चारच का, हे विचारणारे अजून आहेत.

विज्ञानात माझी कसोटी वेगळी: स्पष्टीकरणात सोयीने फिरवायचे स्क्रू, म्हणजे उत्तर जुळावं म्हणून हवं तसं बदलता येणाऱ्या गोष्टी, किती? बुधाची कक्षा न्यूटनच्या हिशोबापेक्षा शतकात सुमारे ४३ आर्क सेकंद (एक आर्क सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) जास्त फिरते. त्यासाठी ‘व्हल्कन’ नावाचा, तोवर कुणाला न दिसलेला ग्रह कल्पिला गेला (युरेनसच्या बाबतीत हीच युक्ती लागू पडून नेपच्यून सापडला होता, त्यामुळे मूर्खपणा म्हणता येत नाही). तो सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांतून ४३ हा आकडा एकही स्क्रू न पिळता आपसूक बाहेर पडला.