‘सर, जागे आहात का?’

“मॅडम, विद्यार्थिनीची इन्स्टाग्रामवर रिक्वेस्ट आली आहे. घेऊ का?” वसई भागातल्या कॅथलिक शाळांमधले शिक्षक मला हे विचारतात, धर्मग्रामातले (पॅरिशमधले) धर्मशिक्षक विचारतात, युवक मंडळ सांभाळणारे ताई-दादा विचारतात, कधी एखादे तरुण फादरही विचारतात. काळजी सगळ्यांची एकच असते. नाही म्हटलं तर मूल दुखावेल, आणि हो म्हटलं तर उद्या कोण काय अर्थ काढील सांगता येत नाही. या सगळ्यांशी जे बोलणं झालं, ते एका गोष्टीतून सांगते. माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ते सर तिशीच्या आतले. आठवडाभर शाळेत गणित आणि रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाचा वर्ग. माझ्याकडे समुपदेशनासाठी आले ते झोपेची तक्रार घेऊन. सुरुवातीच्या भेटी शाळेचं काम, घरचे हप्ते, लग्नाचा विषय यातच गेल्या. मग एका दुपारी त्यांनी फोन उघडून माझ्यासमोर सरकवला.

नववीतल्या एका मुलीचे मेसेज होते. रात्री पावणेबाराला, “सर, जागे आहात का?” साडेबाराला, “कुणाला सांगू नका ना, प्लीज.” एक वाजून गेल्यावर, “फक्त तुम्हीच समजून घेता.” घरात आईवडिलांचे रोजचे वाद, त्यात अभ्यासाचं ओझं. सरांची उत्तरं मी सावकाश वाचली. “प्रार्थना कर, झोप आता, सगळं ठीक होईल.” एकही शब्द वावगा नव्हता. तरी फोन परत घेताना त्यांचा हात थरथरत होता.

“मी काही वाईट केलंय का?”

“लिहिलंय त्यात मला वाईट काही दिसत नाही. पण हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“कुणालाच नाही. तिला शब्द दिलाय.”

खरी अडचण या शब्दात होती. आपल्या समाजात गुप्ततेला फार मान आहे, कारण कन्फेशनची, म्हणजे धर्मगुरूपाशी दिलेल्या पापांच्या कबुलीची गुप्तता आपण लहानपणापासून जाणतो. पण ती गुप्तता प्रायश्चित्त संस्काराची आहे, धर्मगुरूची आहे. शिक्षकाच्या इनबॉक्सला ती लागू होत नाही. इंटरनेटवर असे धार्मिक संस्कार होत नाहीत, हे व्हॅटिकनने 2002 साली चर्च आणि इंटरनेट या विषयावरच्या आपल्या दस्तऐवजातच स्पष्ट केलं होतं. “कुणालाही सांगणार नाही” असं वचन मोठ्या माणसाने लहान मुलाला देऊच नये. “मी ऐकतो, पण तुझ्या भल्यासाठी गरज पडली तर योग्य माणसाला सांगेन,” एवढंच म्हणावं आणि ते पहिल्याच वेळी म्हणावं.

सरांना हे पटत होतं, तरी फोन सुटत नव्हता. “उत्तर दिलं नाही आणि तिने जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर?” ही भीती मी कधीच हसण्यावारी नेत नाही. तिने तसं कधी सुचवलं होतं का, हे नीट विचारलं. सुचवलं नव्हतं. सुचवलं असतं तर त्याच रात्री पालकांना आणि मुख्याध्यापकांना फोन करायला लागला असता. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही अशा वेळी हाताशी असावा.

माझा भर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारावर आहे. माणसाला अस्वस्थ करतो तो प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल त्याने मनाशी धरलेला आग्रह, असं मी मानते आणि माझ्या कामात ते सतत दिसतं. त्यामुळे ‘रात्री दहानंतर फोन बंद ठेवा’ असा सल्ला मी आधी देत नाही. आग्रह तसाच राहिला तर माणूस साडेदहाला फोन पुन्हा चालू करतो. सरांचा आग्रह कोणता, ते मी शोधत होते. मग एकदा सहज वाटावं असं विचारलं, “समजा, तिने हे सगळं शाळेच्या समुपदेशक बाईंना सांगितलं आणि ती सावरली. तुमची गरजच लागली नाही. कसं वाटेल?”

“बरं वाटेल,” ते लगेच म्हणाले. मग थांबले. मीही काही बोलले नाही. अशा वेळी मध्ये बोलायचं नसतं, हे मला अनुभवाने कळलं आहे. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “नाही मॅडम. थोडं वाईट वाटेल. तिला मीच सावरावं असं मला वाटतंय.”

हे कबूल करायला धैर्य लागतं. त्यात घाणेरडं काही नव्हतं. कुणाला तरी आपण हवे आहोत ही भूक प्रत्येक चांगल्या शिक्षकात असते. मात्र ती मुलांकडून भागवायला सुरुवात झाली की मुलाला आधार मिळायचा थांबतो आणि उलट मूलच आपल्याला आधार देऊ लागतं.

मी विचारलं, “वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसासाठी थांबलेल्या शोमरोनी माणसाची येशूने सांगितलेली गोष्ट तुम्ही वर्गात शिकवता ना? तो त्या जखमी माणसाला घेऊन कुठे गेला?”

“उतारशाळेत.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“दोन दिनार देऊन त्याला रखवालदाराच्या हवाली केलं. परत येईन म्हणाला...” बोलता बोलता सर ताठ बसले. “म्हणजे तो पुढे गेला. त्याने दुसऱ्याच्या हाती सोपवलं.”

ही गोष्ट त्यांनी कित्येकदा शिकवली होती, पण रखवालदाराकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. मे 2023 मध्ये व्हॅटिकनने समाजमाध्यमांवर जे चिंतन प्रसिद्ध केलं, त्याचा पायाही लूकच्या शुभवर्तमानातला हाच दृष्टान्त आहे. तो वाचताना आपण रस्त्यावर थांबणाऱ्या माणसाजवळच रेंगाळतो. मला मात्र सोपवणारा माणूस तितकाच मोलाचा वाटतो. दुखऱ्या मुलाभोवती मोठी माणसं जितकी जास्त, तितकं ते सुरक्षित.

त्याच आठवड्यात सर मुख्याध्यापिका सिस्टरना भेटले आणि सगळं चॅट त्यांना दाखवलं. मुलीशी बोलणं झालं ते स्टाफरूममध्ये, दार उघडं ठेवून, वर्गशिक्षिका बाई शेजारी असताना. तिला ब्लॉक केलं नाही. “मी तुझा शिक्षक आहे आणि राहीन. पण रात्रीचं बोलणं बंद. तुझं दुःख एकट्या माझ्यापाशी ठेवणं बरोबर नाही,” असं सरांनी तिला तोंडावर सांगितलं. ती चिडली. कितीतरी दिवस वर्गात त्यांच्याकडे बघत नव्हती. पुढे आई भेटायला आली आणि मुलगी समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली. सरांशी मात्र ती पूर्वीइतकी मोकळी झाली नाही. सरांनी ते स्वीकारलं, आणि माझ्या दृष्टीने ते बरे झाले ते तिथेच. झोपेची तक्रार त्यानंतर निघाली नाही.

तेव्हा, रिक्वेस्ट घ्यायची का? खासगी अकाउंटवर नाही. सध्याच्या विद्यार्थ्याची तर अजिबात नाही, मग ते मूल कितीही गुणी असो. निरोप द्यायचे असतील तर शाळेच्या किंवा धर्मग्रामाच्या नावाने ग्रुप असावा, त्यात दोन मोठी माणसं आणि पालक असावेत. आपोआप पुसले जाणारे मेसेज तिथे बंद ठेवावेत. मुलाने एकट्याला मेसेज केलाच तर उत्तर थोडक्यात द्यावं आणि दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याच्या कानावर घालावं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं त्यातून कळलं, तर गप्प राहण्याची मुभाच नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेचं नाव जाईल म्हणून आधी आपापसात मिटवू, हा विचार तर मनातही आणू नये. मदतीसाठी 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

फोटोंबद्दलही नेहमी विचारतात. फर्स्ट कम्युनियनच्या (पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या) दिवशी पांढऱ्या पोशाखातल्या मुलांचे फोटो नाव, शाळा आणि गावासकट धर्मग्रामाच्या फेसबुक पानावर जातात. हेतू निर्मळच असतो. पण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या सर्वांना बालक मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आईला विचारायला एक मिनिट लागतं. समूहाचा फोटो टाका, नावं टाकू नका.

“माझ्या स्वतःच्या अकाउंटवर मी काय टाकावं, हे शाळा कोण ठरवणार?” असंही काही जण तावातावाने विचारतात. मत मांडायचा हक्क तुमचा आहेच. फक्त तुमच्या वर्गातल्या मुलाची टिंगल, पालकांची उणीदुणी किंवा दुसऱ्या धर्माची हेटाळणी तिथे नको. सकाळी तेच मूल समोरच्या बाकावर असतं.

आणि शेवटी आवाज खाली आणून बहुतेक जण विचारतात, “जुनं चॅट डिलीट करू का?” करू नका. जसं आहे तसं मुख्याध्यापकांना किंवा धर्मग्रामाच्या प्रमुख फादरना दाखवा, आजच.